खेळ फॉरवर्ड होतो, खेळायचा कसा ते मागेच राहतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका पालकांनी लिहिलं होतं की हल्ली गणिताच्या तासाला खेळच चालू असतात, आणि ते खेळ तरी शिक्षकांच्या डोक्यातले कुठे, सगळे मोबाइलवरच्या ग्रुपमधून उचललेले, मग शिकवायचं कधी आणि शिकायचं कधी. मी गणित शिकवते, असे ग्रुप रोज चाळते आणि त्यातले खेळ वर्गात घेतेही, म्हणजे ते पत्र जवळजवळ माझ्यासारख्यांनाच उद्देशून होतं, म्हणून हा उत्तरादाखल पसारा. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

तर आधी त्या उचलण्याबद्दल. खेळ दुसरीकडून घेतला म्हणजे शिक्षकाने कामचुकारपणा केला, हे मला पटत नाही, कारण गणिताचे खेळ कायम इकडून तिकडेच आलेले असतात. ठिपके काढायचे, आळीपाळीने एकेक रेघ जोडायची आणि चौकोन पूर्ण करणाऱ्याने त्यात आपलं अक्षर लिहायचं, वहीच्या मागच्या पानावर हा खेळ न खेळलेला माणूस शोधून सापडायचा नाही, तो एदुआर्द ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८८९ मध्ये छापला होता. काड्यांचे ढीग करून आळीपाळीने काड्या उचलायचा निम नावाचा खेळ आहे, त्याचं पूर्ण गणित चार्ल्स बाउटन यांनी १९०१ मध्ये मांडलं. आणि त्याच कुळातला एक सोपा, आळीपाळीने पुढचे एक, दोन किंवा तीन आकडे म्हणायचे आणि ज्याच्या तोंडी २१ येईल तो हरला, हा कुठल्या बाईंनी कुठल्या बाईंकडून घेतला याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. पूर्वी हे शेजारच्या वर्गातून यायचं, नाहीतर एखाद्या ट्रेनिंगमधून, नाहीतर सीनियर सरांच्या जुन्या वहीतून. आता फोनवर येतं, एवढाच काय तो फरक.

म्हणजे, एवढाच नाही, आणखी एक फरक आहे आणि पालकांचा राग तिथे असता तर मी त्यांच्या बाजूने उभी राहिले असते. शेजारच्या वर्गातून खेळ यायचा तेव्हा त्याच्यासोबत त्या बाई पण यायच्या. दारात उभ्या राहून सांगायच्या की अगं हा घे पण दोघादोघांतच घे, चौघांत घेतलास तर दोघं खेळतात आणि दोघं खिडकीबाहेर बघतात, आणि फासा टाकायच्या आधी अंदाज विचार, नंतर विचारून उपयोग नाही. फोनवर येते ती पीडीएफ. रंगीत, सुंदर बॉर्डरची, कोपऱ्यात एक हसणारा सूर्य. बाई मागेच राहतात.

हे नुसतं माझं रडगाणं नाही. रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमाणी या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये एक अभ्यास छापला, गरीब घरातल्या, शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांसोबत एक ते दहा आकड्यांचा सरळ पट खेळले. अगदी साधा पट, चक्री फिरवायची, एक आला तर एक घर, दोन आला तर दोन घरं. पंधरा पंधरा मिनिटांचे चार डाव, दोन आठवड्यांत. मुलांची आकड्यांची समज सुधारली, आणि काही आठवड्यांनी परत बघितलं तरी ती टिकलेली होती. तसाच पट पण आकड्यांऐवजी रंगांचा, तो खेळलेल्या मुलांचं असं झालं नाही. ही बातमी शिक्षकांच्या ग्रुपांवर भरपूर फिरली आणि पटांच्या पीडीएफचा पूर आला. पण पटावर चालताना मोजायचं कसं, हे त्यातल्या किती पीडीएफमध्ये लिहिलेलं असतं?

तीनच्या घरात सोंगटी आहे आणि चक्रीवर दोन आले. मूल काय म्हणतं, "एक, दोन" आणि सोंगटी पाचवर नेतं. बरोबर पोचलं, डाव पुढे. पण त्या अभ्यासात मुलाने म्हणायचं होतं "चार, पाच", म्हणजे ज्या घरावर पाऊल पडतंय त्या घराचा आकडा. नंतर २०१४ मध्ये एलिडा लास्की आणि सिग्लर यांनी नेमकं हेच तपासलं, शंभरपर्यंतचा पट सगळ्यांना तोच, फक्त काही मुलांना घरावरचा आकडा म्हणत पुढे जायला लावलं आणि काहींना दरवेळी एकपासून मोजायला. घरावरचे आकडे म्हणणाऱ्यांना चांगला फायदा झाला, एकपासून मोजणाऱ्यांना फारसा नाही. पट तोच, घरं तितकीच, फरक फक्त तोंडातून काय निघतंय याचा. आणि नेमकं तेच चित्रात येत नाही, त्यामुळे फॉरवर्डमध्येही येत नाही. मला कोणी विचारलं की नेटवरून खेळ घेताना एकच गोष्ट कोणती बघायची, तर मी हेच सांगेन की खेळताना मूल काय बोलणार आहे ते बघा, बाकी रंग आणि बॉर्डर गेली खड्ड्यात.

आता शोधण्याबद्दल, कारण बाहेरच्यांना वाटतं की सर्च मारला की खेळ मिळतो. मिळतो ना, इतके मिळतात की संध्याकाळ त्यातच जाते. अमेरिकेतल्या रँड या संस्थेने तिथल्या शिक्षकांची पाहणी करून २०१६ मध्ये अहवाल काढला होता, त्यात प्राथमिकच्या शिक्षकांपैकी ९४ टक्के तासाच्या तयारीसाठी गूगल वापरतात आणि ८७ टक्के पिंटरेस्ट, असं निघालं होतं. पिंटरेस्ट हे मुळात चित्रांचं दुकान, तिथे जे दिसायला छान ते वर येतं, आणि जे दिसायला छान असतं ते बऱ्याचदा कापायला दोन तास आणि खेळायला सात मिनिटं असतं. लॅमिनेट करून ठेवलेले असे संच प्रत्येक स्टाफरूमच्या कपाटात धूळ खात पडलेले सापडतील.

त्यापेक्षा माणसांना विचारलेलं बरं, पण विचारायची पण रीत असते. ग्रुपवर रोज कोणीतरी टाकतं, "अपूर्णांकावर एखादा छान गेम सुचवा प्लीज". खाली पंधरा लिंका येतात, एकही उघडली जात नाही. आता हेच असं विचारा, की माझ्या वर्गातल्या पोरांना एक छेद आठ हे एक छेद चारपेक्षा मोठं वाटतं कारण आठ चारपेक्षा मोठा, फळ्यावर आकृती काढली की मान डोलवतात आणि दुसऱ्या दिवशी परत तेच, काय खेळवू? याला उत्तर देणारे कमी असतात, तीन-चार, पण ते लिंक देत नाहीत, बोलतात. कोणी म्हणतं पट्ट्यांचा खेळ घ्या. एक सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या घ्यायच्या, एक अख्खी ठेवायची, बाकीच्या दुमडून दोन, चार, आठ, सोळा सारखे भाग करून कापायच्या. फाशावर स्टिकर लावायचे, १/२, १/४, मग १/८ दोनदा आणि १/१६ दोनदा. फासा पडेल तो तुकडा अख्ख्या पट्टीवर ठेवायचा, जो आधी पट्टी पूर्ण झाकेल तो जिंकला, पण शेवटी तुकडा बाहेर आलेला चालत नाही, बरोब्बर बसला पाहिजे. कापाकापी मुलांनीच करायची, ही सूचना मला अशाच एका उत्तरात मिळाली आणि ती सोन्यासारखी निघाली, कारण सोळा भाग करताना पट्टी चारदा दुमडावी लागते आणि तुकडा किती बारका होतोय ते हातालाच कळतं.

आणि मग डावाच्या शेवटी मजा असते. पट्टीवर शेवटची एवढीशी फट राहिलेली, एक छेद सोळाची, आणि फाशावर पडतं एक छेद दोन. पोरगं कपाळाला हात लावतं, "बाई, मोठाच पडला!" त्याला कोणी छेदाचा नियम सांगितलेला नसतो. दोन डाव झाले की सगळे सुरुवातीला एक छेद दोन मागतात आणि शेवटी एक छेद सोळा मागतात, आणि हे मागणं ज्या पोराला कळलं त्याला एक छेद आठ मोठं की एक छेद चार हे विचारायची गरजच उरत नाही. (सगळ्यांना कळतं असं नाही. काही पोरं नुसती फासा टाकण्यात रमतात, त्यांच्याजवळ जाऊन बसावं लागतं, तो भाग कुठल्याच नेटवर्कवर डाउनलोड होत नाही.)

इंग्रजीत २०१० च्या आसपास ब्लॉग आणि ट्विटरवर गणिताच्या शिक्षकांचा असा एक मोठा गोतावळा जमला होता. मॅथ ट्विटर ब्लॉगोस्फिअर असं त्याला नाव पडलं, आणि २०१२ पासून ही मंडळी उन्हाळ्यात प्रत्यक्ष भेटायला लागली, ते २०१९ पर्यंत चाललं. पुढे ट्विटरचं जे झालं ते झालं, लोक इकडेतिकडे पांगले, काही मॅस्टोडॉनवर काही ब्लूस्कायवर. मी त्यातलं बरंच मागाहून वाचलंय. तिथे खेळ चांगले होतेच, पण मला जास्त आवडलं ते हे की लोक फसलेले तास लिहायचे. आज अमुक खेळ घेतला, पहिली दहा मिनिटं नियम समजावण्यात गेली, दोन गटांत भांडणं, गणित शून्य, उद्या पत्ते अर्धे करून बघतो. खाली कोणीतरी लिहायचं की मी पण घेतला होता, नियम सांगूच नका, दोन मुलांना पुढे बोलावून खेळायला लावा आणि बाकीच्यांना बघून नियम ओळखायला सांगा. आपल्याकडे, म्हणजे आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ग्रुपांत, फसलेलं कोणी टाकत नाही. फोटो टाकतात. सगळी मुलं हसतायत, हातात कार्डं, खाली "आजचा आनंददायी उपक्रम", त्याखाली चाळीस टाळ्या. त्या फोटोवरून दुसऱ्या शिक्षकाला काय कळणार, कपाळ? मुलं पाढे म्हणत होती की नुसती फोटोसाठी हसत होती?

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल बोलायचं तर ते आपल्याला सोयीचं आहे आणि तेच घातक पण आहे. सोयीचं कारण सगळे तिथेच असतात, तालुक्याच्या पलीकडचे सर पण दोन मिनिटांत उत्तर देतात. घातक कारण तिथे काही सापडत नाही. मार्चमध्ये आलेली दशांशाची छान युक्ती जूनमध्ये हवी असते तेव्हा ती शुभेच्छांच्या आणि परिपत्रकांच्या खाली कुठेतरी गाडलेली असते, आणि ज्याने फोन बदलला त्याच्याकडे तर तीही नसते. फाइलचं नाव काय तर "फायनल न्यू २". बनवणाऱ्याचं नाव तिसऱ्या फॉरवर्डपर्यंत गळून जातं, कधीकधी कापून टाकलेलं असतं आणि त्या जागी दुसऱ्याचंच नाव असतं, त्यावर मी काय बोलू. पण नाव गळणं हा फक्त मानापमानाचा प्रश्न नाही हो. नाव गेलं की चूक कळवायची कोणाला तेही जातं.

उदाहरण देते. दोन फाशांचा गुणाकार बिंगो, फार लोकप्रिय शीट आहे, वेगवेगळ्या रूपात फिरत असते. दोन फासे टाकायचे, गुणाकार करायचा, आपल्या तक्त्यात तो आकडा असेल तर खोडायचा. माझ्याकडे आलेल्या शीटमध्ये काही तक्त्यांवर २१, २८, १४ असे आकडे होते. आता साध्या फाशावर एक ते सहाच असतं, मग २१ येणार कुठून, सात आहेच कुठे. बहुतेक कोणीतरी एक ते नऊच्या कार्डांचा तक्ता घेऊन त्यावर फाशांचं चित्र डकवलं असणार. वर्गात डाव काही संपेना. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, माझा एकवीस कधीच येणार नाहीये." सगळे थांबले. मी म्हटलं, सिद्ध कर. पुढचा अर्धा तास त्या बिघडलेल्या शीटवर जो काही तास झाला तसा चांगल्या शीटवर झाला नसता, कुठले आकडे येऊच शकत नाहीत, कुठले जास्त वेळा येतात, शेवटी पोरांनी तक्ता काढून दाखवलं की दोन फाशांचे वेगळे गुणाकार फक्त अठराच आहेत, आणि ६ आणि १२ हे प्रत्येकी चार तऱ्हांनी येतात, म्हणून बिंगोचा तक्ता स्वतः बनवायचा तर ते पाहिजेतच. आता माझं म्हणणं असं की हे मी त्या शीट बनवणाऱ्याला सांगू शकले नाही, कारण तो कोण तेच माहीत नाही. ती शीट अजून तशीच फिरते आहे, मला स्वतःला ती नंतर परत दोन वेगळ्या ग्रुपांतून आली.

पालकांच्या पत्रात एक वाक्य होतं की खेळात मुलं फक्त खेळतात, गणित बाजूला राहतं. हे काही खेळांबद्दल शंभर टक्के खरं आहे आणि असे खेळ नेटवर ढिगाने आहेत. कसे ओळखायचे? मी असं बघते की गणित हीच चाल आहे, की गणित हा टोल आहे. टोल म्हणजे काय, आधी ७ × ८ सांग, मग तुला फुगा फोडायला मिळेल. फुग्याचा आणि ५६ चा काही संबंध नाही, पोरगं टोल भरून पुढे पळतं, जमलं तर शेजाऱ्याकडून उत्तर घेऊन भरतं. मोबाइल आणि कॉम्प्युटरवरचे कितीतरी गणिताचे गेम या जातीचे असतात. आणि त्यात वेगाला मार्क असले की अजून वाट लागते. कहूत नावाची नॉर्वेतली प्रश्नमंजुषा २०१३ पासून जगभर वर्गावर्गांत गेली, मजा येते, मी पण वापरते, पण आधी उत्तर देणाऱ्याला जास्त गुण असं सेटिंग असलं की चार पोरं चमकतात आणि बाकीची रंग बघून बटण दाबतात. त्याहून जुना प्रकार म्हणजे दोघांना उभं करायचं, पाढा विचारायचा, आधी सांगेल तो पुढे, हरेल तो खाली. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तो पहिल्या फेरीत खाली बसणार आणि ज्याला पाठच आहे तो अख्खा तास सराव करणार. हा खेळ पण दर काही महिन्यांनी कोणीतरी नव्याने टाकतं आणि त्याला टाळ्या पडतात.

आता चाल म्हणजे काय ते सांगते. केंब्रिज विद्यापीठाचा एन-रिच नावाचा प्रकल्प आहे, १९९६ पासून चालू, फुकट आहे, त्यावर विभाजक आणि पटींचा एक खेळ आहे. एक ते शंभरचा तक्ता. पहिल्याने पन्नासच्या आतली एखादी सम संख्या खोडायची. दुसऱ्याने त्या संख्येचा विभाजक तरी खोडायचा नाहीतर तिच्या पटीतली संख्या. मग पहिल्याने या नव्या संख्येचा विभाजक किंवा पट. एकदा खोडलेली परत घ्यायची नाही, ज्याला चाल उरली नाही तो हरला. लागतं काय तर एक तक्ता आणि दोन पेन्सिली. पहिला डाव पोरं नुसतीच खेळतात, लांबत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या डावात कोणाच्या तरी तोंडी १ येतो आणि समोरचं पोरगं कुठूनतरी ९७ खोडतं. संपलं. ९७ ला एक सोडून विभाजक नाही, तो तर गेलेला, आणि पट घ्यायची तर १९४, तक्त्याच्या बाहेर. हरलेला तक्त्याकडे बघत बसतो. पुढच्या डावापासून १ ला कोणी हात लावत नाही, आणि मग शोध सुरू होतो की ९७ सारखे अजून कोण आहेत, ८९, ८३, ७९. मूळ संख्येची व्याख्या पोरांनी आधी पाठ केलेली असते, पण तिचं करायचं काय ते त्यांना त्या दिवशी कळतं. नंतर तोच तक्ता घेऊन दोघांनी भांडायच्या ऐवजी मिळून लांबात लांब साखळी करायची, हा पण एक प्रकार आहे, १ ते १०० मध्ये जास्तीत जास्त ७७ संख्यांची साखळी होते. वर्गात पन्नासच्या वर गेलं तरी आरडाओरडा होतो.

यात गणित बाजूला कुठे राहिलं? गणित केल्याशिवाय चालच करता येत नाही.

दुसरा एक, पिग, नुसता एक फासा. फासा टाकत राहायचं, पडेल ते जमा, पण १ पडला की या पाळीतलं जमा सगळं गेलं आणि पाळी संपली, वाटेल तेव्हा थांबून जमा झालेलं खात्यात टाकायचं, आधी शंभर करेल तो जिंकला. प्रश्न एकच, थांबायचं कधी? पाचवी-सहावीची पोरं यावर वकिलासारखी भांडतात. आणि त्याला उत्तर आहे, बऱ्यापैकी सोपं. अजून एकदा टाकलं तर सहापैकी पाच शक्यतांत २, ३, ४, ५, ६ मिळणार, म्हणजे बेरीज २०, आणि एका शक्यतेत हातातलं सगळं जाणार. म्हणून हातात वीसपेक्षा कमी असलं तर टाकणं फायद्याचं, वीसच्या वर असलं तर थांबणं, वीसला कसंही. अगदी शेवटाकडे शंभर जवळ आले की हिशोब बदलतो ते वेगळं. हा खेळ ग्रुपवर येतो तेव्हा नियम येतात, हे वीसचं गणित क्वचित येतं, आणि ते पोरांना कधी सांगायचं हे तर कधीच येत नाही. माझ्या मते सांगूच नये, आठवडाभर भांडू द्यावं, मग एखाद्याने "सर्वांनी वीसला थांबा" असा शोध लावला की त्याला फळ्यापाशी बोलवावं.

मग पालकांना काय सांगू? तुमच्या पोराने घरी येऊन सांगितलं की आज खेळलो, तर कोण जिंकलं ते विचारू नका, तू अमुक चाल का केलीस ते विचारा. त्याला सांगता आलं तर तास वाया गेलेला नाही, खेळ कुठूनही आलेला असो. सांगता आलं नाही, नुसतं "फुगे फोडले" म्हणालं, तर खुशाल शाळेत येऊन आम्हाला विचारा, विचारलंच पाहिजे. माझी तक्रार फक्त एवढीच की त्यांनी खेळ आणि मोबाइल दोन्ही एकाच फटक्यात मोडीत काढले.

आणि शिक्षक मंडळींना, जी हे वाचतायत त्यांना, एक विनंती की खेळ पुढे पाठवताना खाली चार ओळी लिहा. कितवीत घेतला, खेळताना पोरं काय बोलत होती, कुठे अडली, तुम्ही काय बदललं. मूळ कोणाचा ते माहीत असेल तर नाव ठेवा. फोटो नसला तरी चालेल, खरंच चालेल. आणि जमलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं कुठेतरी उघड्या ठिकाणी पण टाका, जिथे सर्च केल्यावर सापडेल, मराठीत टाका, कारण इंग्रजीत ढीग आहे आणि मराठीत शोधायला गेलं की दहापैकी आठ वेळा व्हिडिओची जाहिरात निघते. दुसऱ्याच्या शीटवर आपल्या शाळेचा लोगो चिकटवणाऱ्यांना काही सांगायचं नाही, त्यांना माहितीये मी कोणाबद्दल बोलतेय.

आता माझीच एक अडचण, ग्रुपवर टाकून झाली, लिंकाच आल्या, म्हणून तुमच्या पेपरात टाकते. ऋण संख्यांसाठी मी पत्त्यांचा खेळ घेते, काळे पत्ते अधिक, लाल पत्ते उणे, हातातल्या पत्त्यांची बेरीज जितकी तितके गुण, आणि दर पाळीला एक पत्ता शेजाऱ्याला द्यायचा. लाल पाचचा पत्ता दुसऱ्याच्या गळ्यात मारला की आपले गुण पाचने वाढतात, हे पोरांना दुसऱ्याच डावात कळतं, लाल पत्ते ढकलायला टपून बसतात. म्हणजे उणे पाच काढून टाकणं म्हणजे पाच मिळवणं, हे हाताने करतायत, हसत हसत करतायत. आणि तीच पोरं लगेच वहीत ३ − (−५) चं उत्तर −२ लिहितात. विचारलं तर म्हणतात, "पण बाई, ते पत्त्यात होतं." पत्त्यांच्या खाली गणित लिहायला लावून बघितलं, दर चालीला लिहायला लावलं तर खेळ मेला. डाव झाल्यावर लिहायला लावलं तर चाल कोणाला आठवत नाही. सहावी-सातवीला शिकवणाऱ्या कोणी यातून वाट काढली असेल तर याच सदरात कळवा, पत्ते किती घेतले ते नका लिहू, वहीकडे वळताना तुम्ही पोरांना नेमकं काय विचारलंत आणि त्यांनी काय उत्तर दिलं, ते लिहा.

कळावे,
आपली,
गणिताच्या एक बाई